मिस्टर अहो

इंग्रजांचं राज्य कुणी हलवलं याचा निवाडा इतिहासकार करोत; पण त्यांची इंग्रजी पहिल्यांदा वाकवली ती आमच्या मावशीच्या यजमानांनी, आणि तीही रत्नागिरीत, ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून. एकोणीसशे तीसच्या आसपास मी त्यांच्याकडे शिकायला होतो. काका हायस्कुलात इंग्रजी शिकवीत. वर्गात कुणाचा एखादा 'द' राहिला तर त्याचा कान पिळत, आणि घरी इंग्रजीतून गोष्ट लिहायला बसले की साहेबाच्या व्याकरणाला खुशाल आमच्या परसातल्या चिखलात उतरवत. पेजेला 'ग्रुएल' म्हणायला ते तयार नसत. ग्रुएल आजाऱ्याचं, पेज धडधाकट माणसाची, असं म्हणून त्यांनी पेज तशीच ठेवली आणि सोपं पडावं म्हणून स्पेलिंग पुस्तकाच्या पानाचं घेतलं. शाळा तपासायला आलेल्या साहेबाला मोठ्या हौसेने गोष्ट दाखवली, तर तुमचा नायक रोज सकाळी उठून पुस्तकाचं पान का पितो, एवढंच त्याने विचारलं. काकांचं म्हणणं, साहेबाने एकदा वाटीभर पिऊन बघावं. 'मेल्या'चं त्यांनी 'ओ डेड वन' केलं होतं. त्यातली माया साहेबाला कळत नाही हा साहेबाचा दोष, असं ते अगदी शांतपणे सांगत.

तरी आपली एक गोष्ट मुंबईच्या इंग्रजी मासिकात छापून यावी, ही त्यांची आयुष्यातली एकुलती एक हाव. त्यासाठी ते बोटीने मुंबईला गेले, बोट लागून अर्धमेले झाले, आणि तसेच संपादकसाहेबापुढे जाऊन उभे राहिले. साहेबाला गोष्ट पसंत होती. शंका एकच: गावातल्या घराघरातली बाई ज्यांना हाक मारते ते हे मिस्टर अहो कोण, आणि त्यांच्याबद्दल एकाही नवऱ्याची तक्रार कशी नाही? काकांनी खुलासा केला. मग साहेब म्हणाला, 'अहो' काढा, तिथे 'डियर' घाला, पुढच्या अंकात छापतो.

परत आल्यावर काका कितीतरी दिवस झोपाळ्यावर बसून 'डियर' तोंडात घोळवून बघत होते. शेवटी त्यांनी मावशीलाच विचारलं, मला डियर म्हणशील काय? मावशीला इंग्रजी ओ का ठो कळत नसे. तिला ऐकू आलं 'दीर'. नवऱ्याला दीर म्हटलं तर लोक तोंडात शेण घालतील, म्हणाली. काकांनी अर्थ समजावला, तेव्हा तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "असेल हो प्रेमाचा शब्द. पण त्या साहेबानं सांगितलंन् म्हणून मी तशी हाक मारली, तर तुम्ही वळाल का?"

काकांनी नकार कळवून गोष्ट परत मागवली. मला त्यांचा असा राग आला की मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोललो नाही. एका शब्दापायी हाती आलेलं घालवायचं म्हणजे काय?

आता तसली इंग्रजी लिहिणाऱ्यांचं विलायतेतसुद्धा कौतुक होतं. काकांना ते बघायला मिळालं नाही, याची मला फार रुखरुख वाटते. ते गेल्यावर एकदा मावशीने ती गोष्ट मला वाचायला लावली. तुला काय कळणार, म्हटलं. तर म्हणाली, तू वाच. ती नुसती ऐकत बसली होती. पहिलं 'अहो' आलं आणि तिने माझा हात धरला.

"तेवढं परत वाच रे," ती म्हणाली. "आता मी तशी हाक कुणाला मारणार."