जौनपुरी साफ करताना

डोंबिवलीत महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी आम्ही सात-आठ जण एका मित्राच्या घरी जमतो आणि रेकॉर्डिंग ऐकतो. ज्याची पाळी असेल त्याने आपल्या आवडीचं गाणं आणायचं. कोण गातंय ते आधी सांगायचं नाही. गाणं पूर्ण झालं की आणणाऱ्याने नावं सांगायची: गाणारा, तबला, पेटी. मग पोहे, चहा आणि भांडणं. नाव कळल्यावर मत बदलणारे दोघे आमच्यात आहेत, आणि त्यांना पकडण्यात मला फार मजा येते.

ठाण्यात माजिवड्याला माझं घर; तिथून मी जातो तो लॅपटॉप घेऊन. जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून साफ करण्याचं काम मंडळाने माझ्याकडे दिलंय; खरं तर मीच ते ओढून घेतलंय. रंगाच्या कारखान्यात तपासणी विभागात आयुष्य काढलं, त्यामुळे दोष दिसला की माझा हात गप्प बसत नाही. गाण्यात कोणी खोकलेलं मला चालत नाही. पंखा ऐकू आला तर माझं निम्मं लक्ष पंख्याकडेच जातं.

आमच्यात एक निवृत्त शाळामास्तरीण आहेत. त्यांना सगळे बाईच म्हणतात. गेल्या वर्षी त्यांनी एक कॅसेट माझ्याकडे दिली. कल्याणला एका डॉक्टरांच्या दिवाणखान्यात झालेल्या सकाळच्या बैठकीची, जौनपुरीची. गायिका त्या काळी चांगल्या नावाजलेल्या. "घरातला टेप बंद पडलाय आणि दुसरी प्रत कुठेच नाही," बाई म्हणाल्या. "पुढची पाळी माझी आहे. एवढी उतरवून द्याल?"

उतरवताना घरघर फार होती. आवाज साफ करणाऱ्या प्रोग्रॅमला आधी नमुना द्यावा लागतो. गाणं सुरू होण्याआधीचे काही सेकंद निवडायचे आणि सांगायचं, यात जे काही ऐकू येतंय ते सगळीकडून काढून टाक. मी तसंच केलं. गायिकेचा आवाज असा लखलखीत वर आला की मी स्वतःवरच खूश झालो. मूळ फाइल उडवली, कारण एका गाण्याच्या दोन दोन फायली ठेवणं मला आवडत नाही. कॅसेट परत गुंडाळताना मात्र फीत डेकच्या चाकात अडकली आणि तिच्या चिंध्या झाल्या. मी घाबरत बाईंना फोन केला. "उतरली ना? मग झालं," त्या म्हणाल्या.

रविवारी जौनपुरी वाजली. सगळे खूश. मांडीवर ताल धरून नेहमी चुकणारे आमचे एक काका त्या दिवशी समेवर बरोबर आले. बाई मात्र सुरुवातीपासून मान थोडी पुढे करून बसल्या होत्या, कोणाची तरी वाट बघत बसावं तशा. गाणं संपलं. बाईंनी गायिकेचं नाव सांगितलं, तबला सांगितला, पेटी सांगितली. मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि तानपुऱ्यावर मी होते."

काका म्हणाले, "तानपुरा होता का हो यात?"

तेव्हा मला कळलं. गाणं सुरू होण्याआधीचे ते काही सेकंद, त्यात पंखा होता, फितीची खरखर होती आणि बाईंचा तानपुरा होता. चाळीस वर्षं शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या मी तानपुरा कचरा म्हणून काढून टाकला होता. पेटीने जागा भरून काढली होती आणि मला पत्ताही लागला नव्हता. मी सगळ्यांसमोर ते सांगितलं. मूळ फाइल नाही हेही सांगितलं. इतकी लाज मला नोकरीतसुद्धा कधी वाटली नव्हती.

बाई पोह्यांना थांबल्या नाहीत. पुढच्या महिन्यात आल्याही नाहीत. मग मी त्यांच्या घरी गेलो, लॅपटॉप घेऊनच. त्यांनी पाणी दिलं आणि सरळ सांगितलं, "त्यांची शिष्या आली नव्हती म्हणून त्यांनी मला बोलावून मागे बसवलं. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. त्यानंतर परत कधी कोणी बसवलं नाही. मला काय गाता येत होतं ते सोडा, पण त्या दिवशी माझा तानपुरा चांगला लागला होता. ते तुम्हा लोकांना ऐकवायचं होतं." मी माफी मागितली. एका ओळखीच्याने मोबाइलवरचा तानपुरा खाली मिसळायला सुचवलं होतं, तेही सांगून टाकलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं वाक्य गिळलं.

थोड्या वेळाने त्या आत गेल्या आणि गवसणीतून तानपुरा काढून आणला. "लावा ते गाणं," म्हणाल्या. कॅसेट किंचित जलद उतरली होती, त्यामुळे गायिकेचा षड्ज कुठल्याच पट्टीत नीट बसत नव्हता. बाईंनी गाणं चार वेळा थांबवायला लावलं, खुंट्या पिळल्या, मणी सरकवले, पुन्हा तार छेडून पाहिली. मग जौनपुरी सुरुवातीपासून लागली आणि त्या लॅपटॉपच्या जरा मागे सरकून, डोळे मिटून वाजवू लागल्या. बोटं दोनदा अडखळली. तानपुरा मात्र खरंच फार सुंदर लागला होता.

मी हळूच खिशातून मोबाइल काढला आणि रेकॉर्ड करायला पुढे धरला. बाईंनी डोळे उघडले, पण हात थांबवला नाही.

"ठेवा तो," त्या म्हणाल्या. "तुम्ही आता नुसतं ऐका."