उरलेला पास

घरात काही उरलं की सगळ्यांचे डोळे ताईकडे वळत. कालची भाजी, भाचीला आखूड झालेले स्वेटर, सगळं तिच्याच वाट्याला. एकदा तर भावाच्या खोकल्याचं उरलेलं अर्धी बाटली औषधही तिनं संपवलं होतं, खोकला नसताना.

परक्या शहरात फिरायला गेल्यावर भाऊ तिकीट खिडकीशी सगळ्या संग्रहालयांचा मिळून एकच पास घ्यायला निघाला.

"मला एकच बघायचंय. माझं साधं तिकीट काढ," ताई म्हणाली.

"अगं, चार पाहिली की पास वसूल," म्हणत भावानं पास अक्षरशः तिच्या गळ्यात मारला.

पहिल्याच संग्रहालयात ताई एका चित्रापाशी थबकली. त्यातली बाई भर दुपारी खुर्चीत गाढ झोपली होती आणि मागे खरकट्या भांड्यांचा ढीग तसाच पडला होता. ताई समोरच्या बाकावर बसली. तिनं चपलाही काढल्या.

बाकीची दालनं उरकून भाऊ घाईघाईनं आला. "ऊठ, अजून तीन राहिलीत."

"तुम्ही जा. मी इथंच बसणार."

"आणि पास वाया घालवायचा?"

ताईनं चित्रावरची नजर काढली नाही. गळ्यातला पास काढून तिनं भावाच्या हातात ठेवला.

"जन्मभर तुमचं उरलेलं मी संपवलं. आज माझं उरलेलं तू संपव."