आवाज बंद करून

कामतघरच्या आमच्या शाळेत मी दुसरीला शिकवत असे. शेजारच्या वर्गावरच्या बाईंना फार कमी ऐकू यायचं. कानाला मशीन होतं, पण आसपासच्या कापडाच्या लूमच्या खडखडाटात त्याचा काही उपयोग होत नसे. "माझ्याकडे बघून बोला," असं त्या हेडमास्तरांनाही बजावायच्या.

शाळेत वाचन शिकवणारं सॉफ्टवेअर आलं. पडद्यावर एकेक शब्द पिवळा व्हायचा, कॉम्प्युटर तो उच्चारायचा आणि मुलं मागून म्हणायची. हे बाईंना कसं जमणार, असं मला वाटलं होतं.

त्यांच्या तिसरीतली एक मुलगी कधी तोंड उघडत नसे. "तिला न्हाय येत वाचाया," असं तिची आईच म्हणायची. तिला परत दुसरीत बसवायचं ठरत होतं. तेव्हा बाई मला हाताला धरून तिच्यापाशी घेऊन गेल्या. त्यांनी कॉम्प्युटरचा आवाज बंद केला.

"कान देऊ नका. ओठ बघा."

शब्द पिवळे होत गेले, आणि मुलीचे ओठ प्रत्येक शब्द अचूक म्हणत गेले, जोडाक्षरंसुद्धा. फक्त आवाज नव्हता.

तिच्या प्रगतिपुस्तकावर 'वाचता येत नाही' हा शेरा आदल्या वर्षी मीच लिहिला होता. तो खोडायला बाईंनी पेन माझ्याच हातात दिलं, आणि त्याबद्दल पुढे कधी, कुणाकडे एक अक्षर बोलल्या नाहीत.