बिनमार्जिनचा कोट

माझ्या वहिनीला कारखान्यात सगळे मुकी म्हणायचे. ती मुकी नव्हती. बोलताना अडखळायची, आणि चार माणसांत तर पहिल्याच शब्दाला जीभ टाळूला चिकटायची. हे नाव ठेवलं कटिंगमास्तरांनी. पहिल्या दिवशी त्यांनी नाव विचारलं, आणि उत्तर बाहेर पडेपर्यंत त्यांची एक बाही कापून झाली. "राहू दे, मुकी म्हणू," असं म्हणाले. सगळे हसले. मीही हसले. त्याची लाज मला अजून वाटते.

आमच्याकडे गणवेश शिवतात. मी मशीनवर, वहिनी मास्तरांच्या हाताखाली. कपडा कापायच्या आधी कागदावर त्याचे भाग आखतात, त्याला आम्ही पेपर म्हणतो. नऊ वर्षं ते पेपर वहिनी आखायची आणि मास्तर खाली आपली सही ठोकून मालकीणबाईंपुढे ठेवायचे. "मास्तर, काय हात आहे हो तुमचा!" असं बाई म्हणाल्या की वहिनी खाली वाकून चिंध्या गोळा करायला लागायची.

मग बाईंनी नवा विभाग काढायचं ठरवलं. एका बँडपथकाचे साठ कोट शिवायचे होते. ज्याचा नमुना पसंत पडेल तो नव्या विभागाचा प्रमुख. वहिनीला ती जागा हवी होती, इतकी की चार दिवस नीट जेवली नाही. शेवटी मास्तरांजवळ गेली आणि म्हणाली, "मी... मी पण द... देऊ?"

"दे की," मास्तर म्हणाले. "पण समजावून सांगणार कोण? तो डमी?"

कोपऱ्यात बिनडोक्याचा डमी उभा होता. सगळा कारखाना खो खो हसला.

त्या दिवशी घरी आल्यावर वहिनीने एक वही काढली आणि मास्तरांना द्यायच्या शिव्या लिहिल्या. दोन पानं भरली. मी वाचल्या आणि देवाचं नाव घेतलं. तिसऱ्या दिवशी मात्र तिने एकच ओळ लिहिली : मी नऊ वर्षं सांगितलं का नाही? त्याखाली उत्तर लिहायला तिला आठवडा लागला. जीभ अडते हे खरं, पण चिठ्ठी तर लिहिता आली असती. भीती जिभेत नव्हती, मनात होती. मग तिने खाली लिहिलं : मी सांगत नाही, आणि मास्तर विचारत नाहीत.

ही ओळ वाचून ती हसली. तिला तसं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

घरातल्या खुंटीवर तिने माझ्या भावाचा जुना कोट टांगला, त्यावर उशी बांधली आणि रोज संध्याकाळी त्याच्याशी भांडायला लागली. मी मध्ये मध्ये मास्तर व्हायचे.

"लवकर बोल गं, मला कामं आहेत!"

"थां... थांबा. माझं व्हायचंय."

"अगं, शब्द संपले की काय?"

"वन्सं, तू फारच छान मास्तर होतेस. एक थोबाडीत देऊ का?"

भांडून झालं की कोट आखायची. तसा कोट मी आजवर पाहिला नव्हता. खांद्यावर पंख मिटल्यासारखी घडी, पाठीला निमुळती रेघ.

आता तिची एक सवय सांगते. शिलाईत जाणारं जास्तीचं कापड, म्हणजे मार्जिन, ती घरच्या पेपरात कधी धरत नसे. कापड हातात आल्यावर, त्याची जाडी बघून, शेवटी वाढवायची. मास्तरांना हे ठाऊक नव्हतं, कारण त्यांच्या हातात कायम तयार पेपर पडायचा. यावेळी तिने बिनमार्जिनचा पेपर कारखान्यातल्या आपल्या खणात ठेवला आणि जेवायच्या सुट्टीत मला घेऊन बाहेर गेली. खणाला कुलूप लावलं नाही.

परत आलो तर खण रिकामा. मास्तर टेबलाशी उभे राहून शीळ घालत होते.

"त्यांना सांगायचं का?" मी विचारलं.

"त्यांनी विचारलं की सांगेन," ती म्हणाली. एकदाही अडखळली नाही.

त्यांनी विचारलं नाही. नमुन्याचा कोट कापला, शिवायला माझ्याकडे आला. मी नेहमीसारखी दोन्ही कडांना अर्धा अर्धा इंच आत शिलाई घातली. पाच उभ्या शिलाया, पाच इंच गेले. देवा, मला सगळं ठाऊक होतं, तरी मी शिवत राहिले.

पसंतीच्या दिवशी बँडप्रमुख आले. "लांबून बघायचाय, तुम्हीच घाला की," असं मास्तरांना म्हणाले. दोघं एकाच अंगाचे. मास्तरांनी एक हात घातला, दुसरा कसाबसा कोंबला. बटणं काजांपासून चार बोटं लांब. त्यांनी श्वास ओढून घेतला आणि पाठीत टरकन आवाज झाला.

"मास्तर, हा पेपर तुमचाच ना?" मालकीणबाईंनी विचारलं.

मास्तर लाल झाले. "छे! असला चुकीचा पेपर माझा असेल का?"

"खाली सही आहे तुमची."

"सही माझी आहे, पेपर माझा नाही!"

सगळी मशीनं थांबली. वहिनी पुढे आली. महिनाभर घोकलेलं अख्खं भाषण तिच्यापाशी होतं. तिने दोनच शब्द वापरले.

"म... मग कुणाचा?"

मास्तरांचं तोंड उघडलं, पण आतून काही आलं नाही. मुकं कोण ते सगळ्यांनी पाहिलं. वहिनीने पिशवीतून त्याच पेपरवरून, मार्जिन धरून आधीच घरी शिवून ठेवलेला कोट काढला आणि बँडप्रमुखांना चढवला. अंगावर ओतल्यासारखा बसला. मग तिने सगळं समजावून सांगितलं, अडखळत, पण शेवटपर्यंत. कुणी हसलं नाही.

आज ती नव्या विभागाची प्रमुख आहे. फाटका कोट तिने तिथल्या डमीला घातलाय. मास्तर तिच्याच हाताखाली आहेत. तो कोट काढा म्हणून त्यांनी दोनदा विनवलं. मी देवापाशी तिच्या वतीने क्षमा मागते, पण मनापासून मागितली जात नाही.

आता घरी वहिनी घडाघडा बोलते. सकाळी मास्तर कात्री घेऊन माप विचारायला येतात तेव्हा मात्र ती मुद्दाम अडखळते.

"छा... छा... छाती..."

आणि मास्तर हात बांधून वाट बघत उभे राहतात.