रंजनाचा इंटरव्ह्यू आणि बेबीच्या पोरीची हळद

गेल्या महिन्यात आमच्या वाडीत एक हळद अडून राहिली होती... माझ्यामुळे. लोक अजून विचारतात, म्हातारीला त्या दिवशी झालं तरी काय होतं. आता सांगायला हरकत नाही. मी चौथी शिकलेली, मोबाईलमध्ये बोलते आणि तो लिहितो... चुका त्याच्या.

माझी लेक रंजना जर्मनीत असते. टोकावड्याच्या पुढे, रस्ता सोडून आत आमची वाडी... तिथून ती एसटीचा पास काढून मुरबाडच्या कॉलेजात जायची. संध्याकाळची गाडी चुकली की भाजीच्या टेम्पोत मागे बसून यायची, अंगाला मेथीचा वास.

कम्प्युटर शिकली, ठाण्यात लागली. दुसऱ्यांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायचं काम. म्हटलं, हे तर तू बोलायला लागल्यापासून करतेस... आता पगार मिळतो एवढंच.

मग कंपनीने जर्मनीला धाडली. तिथली भाषा येईना, मीटिंगमध्ये हिला कोणी विचारीना. दिवसा काम, संध्याकाळी भाषेचा क्लास, असं करत वर चढली. प्रोजेक्ट मॅनेजर झाली तेव्हा मी फोनवर विचारलं, म्हणजे नक्की करतेस काय?

"कोणी काय काम कधी करायचं ते बघते, आये."

"मग मुकादम म्हण ना. वीटभट्टीवर असतो तसा."

"मुकादम शिव्या देतो. मी देत नाय."

"मग काम कसं व्हतं?"

तिने फोनच ठेवला.

दरवेळी घरी आली की फोन कानाला लावून अंगणात फेऱ्या मारायची, कोंबड्या तिच्या मागे मागे. या वेळी फोन फळीवर गप पडलेला. वाल सोलता सोलता विचारलं, "नोकरी गेली का गो?" ती मान वर न करता म्हणाली, कंपनीने आमचं खातंच बंद केलं.

तिथला व्हिसा नोकरीवर, दुसरी लवकर मिळाली नाही तर कायमचं परत यायचं. ती, जावई, तिथल्या शाळेत रमलेली माझी नात... सगळ्यांनी. वाडीतल्या बायका विचारायच्या, "कंदी जाणार गो परत?" आणि ती हसायची. ते हसणं मला बघवत नव्हतं.

एका कंपनीचा शेवटचा इंटरव्ह्यू राहिला होता. त्यासाठी टोकावड्याला मैत्रिणीकडे जाऊन बसणार होती, तिथे वायफाय आहे. दुपारी मेसेज आला... वेळ अलीकडे घेतली. आता जायला एसटी नाही, आणि वाडीतल्या गाड्या सगळ्या पाहुणे आणायला गेलेल्या.

आमच्याकडे नेट मिळतं ते पडवीच्या एका कोपऱ्यात. समोर बेबीचा मांडव. बेबी माझी चुलत जाऊ, तिच्या पोरीची हळद नेमकी त्याच वेळेला. डीजेचे स्पीकर आमच्या दाराकडे तोंड करून ठेवलेले.

"बेबीकाकीला सांगू का?" रंजनाने विचारलं. म्हटलं, तिला सांगशील तर म्हशाच्या जत्रेत सगळ्या तालुक्याला कळेल तुझी नोकरी गेली ते. तू बस, मी बघते.

आमच्या लग्नांत धवलारीण लागते. एकेक विधी तिच्या गाण्यावर होतो, त्या गाण्यांना धवळे म्हणतात. वाडीची धवलारीण मी. पूर्वी मांडवात कंदील टांगून आम्ही बायका गात बसायचो, रंजना माझ्या मांडीवर झोपायची आणि झोपेतच पुढची ओळ पुटपुटायची. आता डीजे आल्यापासून मी दोन ओळी म्हणते न म्हणते, तोवर पोरं 'झालं का आजे' करतात.

त्या दिवशी पाटाजवळ बसले आणि सांगितलं, "मशीन बंद. माईक पण नको. धवळे पुरे झाल्याबिगर हळद लागायची नाय."

बेबी म्हणाली, "बाय, एरवी दोन ओळीत चालतं की."

"चालत व्हतं. आज नाय."

धवलारणीशी भांडून पोरीला हळद लावायची छाती कोणाची नाही. डीजेवाला बिडी ओढायला गेला.

मी मांडवाचा धवळा घेतला, मग उंबराच्या डहाळीचा, मग हळद दळायचा... हळू, दम खात. पोरी आधी मोबाईल बघत होत्या, मग सरकत सरकत जवळ आल्या. मागून म्हाताऱ्या साथ द्यायला लागल्या. कितीतरी वर्षांनी मला मांडवात माझा आवाज ऐकू आला.

पण पडवीत रंजना अजून बोलतच होती आणि माझे हळदीचे धवळे संपले. तोंडात आला तो उचलला... तो निघाला बोळवणीचा. नवरी सासरी निघाली की म्हणायचा. बेबी रडायला लागली, तिचं बघून नवरी. एक म्हातारी मागून म्हणाली, "पोर उद्या जायची हाय गो, आजच धाडतेस काय?"

मी ऐकलं नाही असं दाखवलं. ओळ अर्धी असताना रंजना मांडवाच्या खांबाशी दिसली. तिने 'झालं' अशी मान हलवली, मी तिथेच तोंड मिटलं. डीजेवाल्याला म्हटलं, "वाजव बाबा तुझं."

घरी आल्यावर ती म्हणाली, समोरच्यांनी विचारलं, मागे कोण गातंय.

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, माझी आये कामावर हाय."

नोकरी लागली. परवा ती परत जर्मनीला गेली. मी विमानतळावर गेले नाही... हात काय, अंगणातूनही हलवता येतो.

रंजनाचं लग्न कोर्टात झालं होतं, सह्या आणि पेढे. वाडीभरच्या पोरींची बोळवण मी म्हटली, माझ्या लेकीची तेवढी राहून गेली होती. ती बेबीच्या मांडवात झाली... दिवस चुकीचा आणि पाटावर नवरी दुसरीच.

बेबे, तू हे वाचशीलच. रुसायचं तर रूस, पण चहाला ये... तुझे उपकार झाले.