फितुराच्या भूमिकेत चावीकाका

चावीकाका चोरांकडूनही सही मागायचे. खऱ्या नव्हे, आमच्या सिनेमातल्या चोरांकडून.

कोपरीतल्या आमच्या सोसायटीतल्या पाचसहा जणांनी मोबाइलवर विनोदी सिनेमा काढायचं ठरवलं. बँकेवर दरोडा पडतो आणि आतलाच एक फितूर तिजोरीची चावी चोरांना देतो, एवढीच गोष्ट. फितूर म्हणून आमच्या शेजारचे चावीकाकाच हवेत, हा हट्ट माझा. कल्याणच्या एका बँकेत आयुष्यभर हेडकॅशियर, त्यात नाटकाची हौस. आणखी काय पाहिजे?

पटकथा वाचतानाच त्यांनी मला झापलं. "अगं, तिजोरीला दोन चाव्या असतात, दोघांकडे. एकट्याला ती बापजन्मी उघडायची नाही." मग दुसरी चावी चोरांनी आधीच पळवली, असं त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं.

पण घोडं अडलं ते चावी देण्यापाशी. चोर हात पुढे करायचा आणि काकांची मूठ मिटलेलीच. "आधी रजिस्टरवर सही कर. चार्ज दिल्याशिवाय चावी हलत नाही." चोराची हसून मुरकुंडी वळायची. अहो, माझ्या आईच्या कपाटाची चावी होती ती! असे तीन रविवार फुकट गेले. तेवढा एकच प्रसंग उरलेला. शेवटी मी तडकले. "काका, जमत नसेल तर सांगा, दुसरं कोणी बघते."

ते जिन्यावर जाऊन बसले. मीही मागोमाग गेले.

"तुझी काकू गेली ना, त्या दिवशी सकाळी डॉक्टर घरी येऊन म्हणाले, आज थांबा. पण चावी माझ्या खिशात. म्हटलं, कल्याणला जाऊन चार्ज देतो आणि लगेच येतो. बदली माणूस साडेबाराला आला. ही अकराला गेली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सिनेमा गेला खड्ड्यात म्हणत मी सगळ्यांना आवरायला सांगितलं. काकाच उठले. "लाव कॅमेरा."

चोराने हात पुढे केला. काकांनी चावी त्याच्या तळहातावर ठेवली, त्याची बोटं मिटवली आणि मी न लिहिलेलं वाक्य काका बोलले. "घे बाबा. आज मला घरी लवकर जायचंय."

काकांना जाऊन दोन वर्षं झाली. रविवार उजाडला की अजून चुकल्याचुकल्यासारखं होतं. आमचा सिनेमा कोणी ना कोणी लावतंच, आणि त्या वाक्याला हमखास मोठा हशा येतो. काकांना तो आवडला असता. मला मात्र हसताही येत नाही आणि लोकांना काही सांगताही येत नाही.