रस्त्यात दिवाण नसतो

आमच्या घरात दिवाण कधीच नव्हता. हे मी तेव्हाही म्हणायचे आणि आजही म्हणते. होत्या त्या चार काळ्या लोखंडी ट्रंका, दोनाला दोन लावून मांडलेल्या. त्यांच्यावर दोन गाद्या, गाद्यांवर सोलापुरी चादर आणि भिंतीला लोड. येणारे त्यावर बसून चहा प्यायचे आणि ‘दीवान बड़ा अच्छा है’ म्हणायचे. मी हसून मान डोलवायचे. त्यांच्या बुडाखाली माझी हिवाळ्याची पांघरुणं आणि पुरणयंत्र आहे, हे कशाला सांगा?

एअर फोर्सच्या नोकरीत विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, आणि ट्रंका म्हणजे ते बिऱ्हाड. नव्या क्वार्टरमध्ये पाऊल टाकलं की आमचं पहिलं काम ठरलेलं. गॅस, पंखा, पडदे सगळं मागाहून. आधी ट्रंका. भरलेली ट्रंक एकट्याला उचलवत नाही, म्हणून एका बाजूची कडी ह्यांच्या हातात, दुसऱ्या बाजूची माझ्या. कुठल्या भिंतीला लावायच्या यावर आमचं हमखास वाजायचं. ह्यांना समोर दार हवं असायचं, मला खिडकी. गादी पडली की हे दाराकडे तोंड करून कोपऱ्यात बसायचे, पाय वर घ्यायचे आणि म्हणायचे, ‘पोचलो.’ तेवढ्यात शेजारच्या क्वार्टरमधून चहाचा थर्मास यायचा. मग मी घर लावायला घ्यायचे.

लेक पाच-सहा वर्षांची असताना एका बदलीत तिने भोकाड पसरलं. रात्री ज्यावर झोपली होती तो दिवाण सकाळी गायब. ट्रकमध्ये गेला म्हटलं तर विचारते, कुठल्या पेटीत? चारही पेट्यांत, मी म्हटलं. मग कोणती पेटी उघडली की तो दिसेल? आता काय सांगणार? शेवटी वैतागून मी म्हटलं, ‘रस्त्यात दिवाण नसतो. पोचल्यावर होतो.’ तिला ते पटलं, गप्प बसली. मलाही पटलं, आणि मी विषय मिटवला.

बरं, त्या चार ट्रंका तरी तशाच राहिल्या का? समुद्राकाठच्या पोस्टिंगमध्ये एकीचा तळ गंजून खाली आला, ती बदलली. पुढे दुसऱ्या एकीचं झाकण बसेना, तीही गेली, मागोमाग तिसरीही; चौथीला झाकण सोडून सगळा पत्रा नवा मारून घेतला. गाद्यांचा कापूस कितीदा पिंजून घेतला, खोळी कितीदा बदलल्या, त्याची गणती नाही. चादर तर दर दोन-तीन वर्षांनी सोलापूरहून नवी यायची. आमचं लखनौजवळ बख्शी का तालाबला शेवटचं पोस्टिंग आलं, तोवर पहिल्या दिवाणातलं जेमतेम एक झाकण आणि दोन कड्या उरल्या होत्या. तरी कुणी म्हणालं नाही की दिवाण नवा दिसतोय. मग जी वस्तू अशी बोटांतून निसटत राहते ती वस्तू कसली, असा माझा रोकडा सवाल होता.

हे रिटायर झाले आणि आम्ही लखनौतच फ्लॅट घेतला. साताऱ्याचे नातेवाईक अजून वाट बघताहेत, बघू देत. लेकीची नोकरी इथे, आणि गावाकडच्या घरी आता आम्हाला ओळखतंय कोण? फ्लॅट ठरला तशी मी म्हटलं, आता ट्रंका नकोत. हेही हो म्हणाले, अगदी मनापासून. एक ट्रंक कामाला येणाऱ्या दीदीने धान्यासाठी मागून घेतली. दोन ह्यांच्या युनिटमधल्या जुन्या मित्राने मलिहाबादच्या आपल्या बागेत नेल्या. शेवटची भंगारात गेली. मग मोठा सोफा आला. हॉलच्या मानाने नाकापेक्षा मोती जड, पण माझी हौस होती.

आणि हे बसेचनात.

चहा बाल्कनीत उभ्याने. पेपर ओट्यावर पसरून, तोही उभ्याने. सोफ्यावर बसलेच तर कडेला, साहेबाने आत बोलवायची वाट बघत असल्यासारखे, आणि पाच मिनिटांत उठून या खोलीतून त्या खोलीत. त्यांची सुटकेस पलंगाखाली भरलेलीच होती. रोज त्यातून शर्ट काढायचे, धुऊन आला की घडी करून परत त्यातच. कपाटात जागा केलीय, असं मी दहादा सांगितलं. हो हो म्हणायचे. थंडी संपून दशहरी आंब्याला मोहर आला तरी सुटकेस तिथेच. माझा स्वभाव घाबरट नाही, पण तेव्हा मी घाबरले. आयुष्यभर मी ज्या माणसाच्या भरवशावर कुठल्याही गावाला घर म्हटलं, तो माणूस आपल्याच घरात पाहुणा राहिला तर? कुणी आजार सांगितला असता तर औषध तरी आणलं असतं.

लेकीने मात्र एका वाक्यात निकाल लावला. ‘मम्मी, आपने पापा का दीवान दे दिया ना, इसलिए।’

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं मी तिला सुनावलं. दिवाण नव्हताच तर देणार कुठून? पण दुसऱ्याच दिवशी काहीतरी निमित्त काढून दीदीच्या घरी गेले. मनात होतं, ट्रंक परत मागावी, तिला नवी कोठी घेऊन द्यावी. ट्रंक कोपऱ्यात होती, गव्हाने भरलेली. वर लाल कापड आणि त्यावर देव मांडलेले. कडीवरचा पोचा मी ओळखला, कारण तो माझ्याच हातून पडला होता. पण ओळखून करायचं काय? त्या ट्रंकेत दिवाणाचा चौथा हिस्सा शिल्लक आहे, असं काही मला वाटेना. ती आता त्यांचं देवघर होती. मी देवाला हात जोडले, चहा प्याले आणि परत आले.

त्या रविवारी मला रागच आला. स्वतःचा, ह्यांचा आणि सगळ्यात जास्त त्या सोफ्याचा. म्हटलं, हा इथे नकोच, त्या भिंतीला लावू. एरवी मी खालच्या गार्ड भैयाला हाक मारली असती. त्या दिवशी म्हटलं, ‘अहो, इकडे या. धरा.’

ह्यांनी तळवे पँटला पुसले. ट्रंक उचलण्याआधी कायम पुसायचे. मग म्हणाले, ‘अगं, अशी नाही. आधी गाद्या काढ. तू तिकडून धर, मी सांगतो तेव्हा उचल.’ मी मुकाट्याने ऐकलं, आणि हे माझ्या बाबतीत क्वचितच घडतं. सोफ्याचे दोन तुकडे वेगळे होतात, हे आम्हाला तेव्हाच कळलं. कुठल्या भिंतीला, यावर नेहमीसारखं वाजलं. दार समोर आलं, खिडकी माझ्या पाठीला गेली. माझी कंबर भरून आली, तरी मी तोंडाने सांगितलं नाही. गाद्या परत टाकल्या, वर कपाटातली सोलापुरी चादर अंथरली. सोफ्याला ती मुळीच शोभत नव्हती.

हे कोपऱ्यात बसले. दाराकडे बघितलं. चपला काढून पाय वर घेतले आणि कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, ‘पोचलो.’

इथे थर्मास पाठवणारं शेजारी कुणी नव्हतं, म्हणून चहा मीच केला. करताना रडू आलं, डोळे पदराने पुसले. कप घेऊन आले तोवर ह्यांना तिथेच झोप लागली होती. मी सुटकेस ओढून काढली आणि शर्ट कपाटात लावायला घेतले. एवढ्यात लेकीचा फोन आला.

‘पापा क्या कर रहे हैं?’

‘दिवाणावर झोपलेत.’

‘कौन सा दीवान? वो तो आपने दे दिया था ना?’

‘दिला होता,’ मी म्हटलं. ‘आज परत झाला.’